चिमूरच्या बायांनी मागितलेली चौकशी

आमच्या झाडीपट्टीतली जुनी माणसं वय सांगताना सालाच्या वाटेला जात नसत. "चिमूर झालं तवा मी पारन्यात होतो," किंवा "चिमूर झालं त्याच्या म्होरल्या साली माझं लगन लागलं," असा त्यांचा हिशोब. माझी आजी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती. चिमूरहून दोनेक कोसांवर, उमा नदीच्या अंगाला तिचं माहेर. चिमूरमध्ये काय झालं ते तिनं पाहिलं नाही; तिथून पळून आलेल्या बाया पाहिल्या. त्यांच्याविषयी ती बोलायची ती फक्त बायकांत, दुपारच्या वेळी, तांदूळ निवडताना. घरातला पुरुषमाणूस अंगणात आला की विषय बदलायची. पुढे मी वकील झाले, चंद्रपूरच्या कोर्टात उभी राहू लागले. साक्षीदार बोलता बोलता नेमका कुठे थांबतो ते रोज पाहू लागले, तेव्हा आजीचं ते थांबणं मला कळू लागलं.

पुरुषांनी सांगितलेलं चिमूर आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. 9 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गांधीजी आणि काँग्रेसचे सगळे पुढारी पकडले गेले. आमच्या भागात तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनं आधीच माणसं जागी केली होती. 16 ऑगस्टला नागपंचमी होती. गावात फेरी निघाली, पोलिसांनी गोळी चालवली आणि बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा पडला. त्यानंतर जमाव कुणाच्या हातात राहिला नाही. डाकबंगला पेटला. एसडीओ डुंगाजी, नायब तहसीलदार सोनवणे, सर्कल इन्स्पेक्टर जरासंध आणि पोलिसातला एक शिपाई यांना लोकांनी ठार मारलं. मग रस्त्यावर झाडं आडवी पाडली, पूल मोडले. तीन दिवस चिमुरात इंग्रजाचं राज्य नव्हतं, हे सांगताना म्हाताऱ्यांचा आवाज चढत असे.

त्या चार माणसांची नावं आमच्याकडच्या भाषणांत येत नाहीत. मला ती यावीत असं वाटतं. तेही याच मुलखात नोकरीला आलेले, कुणाचे तरी बाप, कुणाचे नवरे. त्यांच्या खुनाची चौकशी झाली, खटला चालला, यात कायद्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं पुढच्या दिवसांविषयी आहे.

19 ऑगस्टला फौज आली. बरेचसे गोरे सोजीर, बरोबर देशी पोलीस. घराघरातून पुरुष बाहेर काढले, बांधले आणि नेले. जे सापडले नाहीत ते जंगलात गेले होते. गावात उरल्या त्या बाया, लेकरं आणि हलता न येणारी म्हातारी माणसं. पुढचे दोन-तीन दिवस चिमूर असं उघडं पडलं होतं.

"रोवना सरत आला होता," आजी सांगायची. "पानी असं, का बांधीचा धुरा दिसे ना. सांजच्याला पाच-सहा बाया आल्या. आमची मावशी त्यातच. डोईवर काही नाही, पायात काही नाही. मायनं इचारलं, भाऊजी कोठी हायेत? तं ती बोलेच ना." मावशीच्या हातात चांदीचे गोट होते. लग्नात घातले ते कधी उतरले नव्हते, कारण हाताच्या सांध्यावरून ते निघतच नसत. त्या संध्याकाळी हात मोकळे होते आणि दोन्ही मनगटांची कातडी सोलून निघाली होती. आजीच्या आईनं आजीला हळद वाटायला बसवलं आणि ती हळद मावशीच्या मनगटांवर भरली. मग चुलीवर पाण्याचा हंडा चढवला आणि सगळ्या पोरींना गोठ्यात पाठवून दिलं. आत काय बोलणं झालं ते आजीला माहीत नव्हतं. मावशी पुढं पुष्कळ वर्षं जगली. गोट कसे गेले ते तिनं सांगितलं. दुसरं काही सांगितलं नाही, आणि घरात कुणी विचारलंही नाही.

चिमुरात दादीबाई बेगडे यांचं नाव अजून घेतात. वयानं थकलेली ही बाई सरळ साहेबापुढं जाऊन उभी राहिली आणि तुमच्या शिपायांना आवरा, असं तिनं त्याला तोंडावर सांगितलं, अशी हकीकत म्हाताऱ्याकोताऱ्या सांगत आल्या. मला या गोष्टीत एक फार मोठी गोष्ट दिसते. दादीबाई शिपायाशी भांडली नाही. शिपायाच्या वरच्या माणसाकडे गेली. ज्याच्या हुकुमानं माणसं आली, त्यानंच त्यांना आवरलं पाहिजे, हे त्या न शिकलेल्या बाईला कुणी सांगावं लागलं नाही. पुढे जगातले मोठमोठे न्यायाधीश वर्षानुवर्षं ज्या प्रश्नावर निकाल लिहीत बसले, तो हाच.

सप्टेंबर संपता संपता नागपूरहून रमाबाई तांबे, विमलाबाई देशपांडे आणि आणखी काही बाया चिमूरला पोचल्या. डॉ. बा. शि. मुंजेही जाऊन आले. पुरुषांना जे कधी कळलं नसतं ते बायांनी नागपूरच्या बायांना सांगितलं. त्या काळच्या मानानं हे किती अवघड होतं, याचा विचार करून पाहा. गावात नवरा नाही, तो चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, किंवा नागपूरच्या जेलात. गावावर एक लाखाचा सामुदायिक दंड बसलेला. जबानी दिली तर अब्रू गेल्याचं आपल्याच तोंडानं कबूल करायचं. आणि ऐकणाऱ्यांच्या हातात ना सत्ता ना शिक्का. तरी बाया बोलल्या. त्यांनी फाशी मागितली नाही, भरपाई मागितली नाही. चौकशी मागितली. कोर्टात इतकी वर्षं घालवल्यावर मला कळतं, की चौकशी ही सगळ्यात साधी मागणी दिसते आणि सत्तेला सगळ्यात जास्त भीती तिचीच असते. शिक्षा एका माणसाला होते. चौकशी लागली की हुकूम कुणी दिला, कुणाला माहीत होतं, माहीत असून कोण गप्प बसलं, अशी ती जिना चढत वर जाते.

मध्यप्रांताच्या सरकारनं चौकशी नाकारली. आरोप खोटे आहेत, फौजेला बदनाम करण्यासाठी रचलेले आहेत, असा पवित्रा घेतला. चिमूरविषयी छापायला वर्तमानपत्रांना बंदी केली.

आता याच दिवसांत जगात काय चाललं होतं ते शेजारी ठेवते. 7 ऑक्टोबर 1942 ला लंडनमध्ये लॉर्ड चॅन्सेलर सायमन यांनी ब्रिटिश सरकारच्या वतीनं जाहीर केलं, की शत्रूनं केलेल्या युद्धगुन्ह्यांची चौकशी करण्यासाठी मित्रराष्ट्रांचा एक आयोग नेमला जाईल. गुन्हेगारांची नावं, पुरावे, साक्षी गोळा करून ठेवल्या जातील; युद्ध संपलं की एकेकाला जाब द्यावा लागेल. त्याच दिवशी वॉशिंग्टनमधून रूझवेल्टनीही तेच सांगितलं. पुढच्या वर्षी तो आयोग लंडनमध्ये उभा राहिला आणि त्याच्या सभासद देशांत हिंदुस्थानचं नाव होतं. म्हणजे युरोपातल्या खेड्यांत बायकांवर काय झालं याचा पुरावा जमवायला हिंदुस्थान सरकार बसलं, आणि त्याच सरकारच्या एका प्रांतातल्या खेड्यात बाया जबानी द्यायला तयार होत्या, त्यांच्यासाठी एक साधा मॅजिस्ट्रेट बसवला गेला नाही.

कायद्याच्या कागदांतही एक तारीख आहे. 15 ऑगस्ट 1942. त्या दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम काढला. कॅप्टन किंवा त्यावरच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला लेखी हुकूम देऊन बळ वापरायची मुभा, माणूस मेला तरी चालेल इतकी. आणि पुढे एक कलम: अशा हुकुमाविषयी किंवा त्यावरून केलेल्या कृत्याविषयी केंद्र सरकारची आधी मंजुरी घेतल्याशिवाय कुठल्याही कोर्टात फिर्याद दाखल होणार नाही. हा कागद निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बालाजी रायपूरकर पडला आणि चार दिवसांनी सोजीर चिमुरात शिरले. चिमूरच्या शिपायांवर खटला न होण्याला नेमका हाच कागद आडवा आला असं मी म्हणत नाही. गोष्ट तिथपर्यंत पोचलीच नाही. चौकशीच झाली नाही, मग फिर्याद कुठली आणि मंजुरी कुठली?

या नकाराविरुद्ध जो माणूस उभा राहिला तो ना चिमूरचा होता ना मराठी. जयकृष्ण प्रभुदास भणसाळी सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमात राहत. एकेकाळचे प्राध्यापक, मग विरक्त झालेले. मौन मोडू नये म्हणून त्यांनी कधीकाळी स्वतःचे ओठ तारेनं शिवून घेतले होते. हा माणूस नोव्हेंबर 1942 मध्ये दिल्लीला बापूजी अण्यांच्या दारात जाऊन बसला. अणे आमच्या वऱ्हाडातले, वणीचे, लोकनायक म्हणून नावाजलेले, आणि त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. भणसाळींचं म्हणणं एवढंच, की तुम्ही मंडळात आहात तर चिमूरला चला आणि चौकशी लावा. सरकारनं त्यांना उचलून परत सेवाग्रामला आणून सोडलं. त्यांनी उपास धरला आणि पायी चिमूरची वाट धरली. पोलिसांनी पकडून परत आणलं. उपास चालूच राहिला.

माझे आजोबा त्या वेळी वर्ध्याकडे शिकायला होते. ते सांगत, की भणसाळींच्या प्रकृतीची बातमी छापायला मनाई होती म्हणून ती माणसामाणसांतून पोचायची. टांगेवाल्यालाही आज कितवा दिवस ते ठाऊक असायचं. ही बंदी मोडायला देशभरच्या संपादकांनी एकजूट केली आणि 6 जानेवारी 1943 ला देशातली पुष्कळ वर्तमानपत्रं निषेध म्हणून निघालीच नाहीत. आमच्या कोपऱ्यातल्या एका गावासाठी छापखाने बंद राहिले, ही गोष्ट वृत्तपत्रांच्या इतिहासात नीट लिहिली जायला हवी.

12 जानेवारीला, त्रेसष्टाव्या दिवशी, भणसाळींनी उपास सोडला. डॉ. ना. भा. खरे मध्यस्थ होते. मिळालं ते असं: चिमूरच्या स्त्रियांच्या अब्रूला बोल लावण्याचा सरकारचा हेतू नव्हता अशा अर्थाचं पत्रक, चिमूरला जायची लोकांना मोकळीक, बातम्यांवरची बंदी उठली. चौकशी मिळाली नाही. भणसाळी हरले असं कुणी म्हणू शकेल. मी म्हणत नाही. ज्या बायांना सरकार खोट्या ठरवत होतं, त्यांच्यासाठी एका माणसानं जीव पणाला लावला तेव्हा देशानं त्यांच्यावर विश्वास ठेवला. माझ्या आजीच्या मावशीला हे कधी कळलं का, मला फार वाटतं की कळलं असावं.

दुसऱ्या बाजूचा न्याय मात्र भराभर चालला. खास न्यायालयं बसली. चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातलं आष्टी, या दोन्ही गावच्या माणसांवर खटले झाले, फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या माणसांसाठी दारोदार फिरल्या, देशभर अर्ज गेले, गांधीजींनी शब्द टाकला. अखेर ऑगस्ट 1945 मध्ये उरलेल्यांच्या फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली. त्याच महिन्याच्या 8 तारखेला लंडनमध्ये ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स आणि रशिया यांनी न्यूरेंबर्ग खटल्याच्या सनदेवर सह्या केल्या होत्या. त्या सनदेचं सातवं कलम सांगतं, की आरोपी राष्ट्रप्रमुख होता किंवा सरकारी अधिकारी होता म्हणून तो जबाबदारीतून सुटत नाही. आठवं कलम सांगतं, की वरून हुकूम होता म्हणून शिपाईही सुटत नाही, फार तर शिक्षा कमी होईल. राजाही नाही आणि प्यादंही नाही. वकिलीच्या पहिल्या वर्षांत ही दोन कलमं वाचली तेव्हा मला कुठल्याही पोथीनं दिली नसती अशी उभारी त्यांनी दिली. आणि लगेच मनात आलं, सही करणाऱ्या चौघांपैकी एकाचं राज्य त्या दिवशी चिमूरवर होतं.

टोकियोच्या खटल्यात तर गोष्ट आणखी जवळ येते. तिथे कोकी हिरोटा नावाचे जपानचे माजी परराष्ट्रमंत्री आरोपी होते. फौजी माणूस नव्हे, मुलकी मंत्री. 1937 च्या डिसेंबरात जपानी फौजेनं नानकिंगमध्ये हजारो बायकांवर अत्याचार केले त्याच्या बातम्या त्यांच्यापर्यंत पोचत होत्या. त्यांनी लष्करी खात्याकडे विचारणा केली, आश्वासन मिळालं, आणि ते तेवढ्यावर थांबले. मंत्रिमंडळात आग्रह धरून हे ताबडतोब थांबवायला लावणं तुमचं कर्तव्य होतं, असं म्हणून बहुमताच्या न्यायाधीशांनी त्यांना दोषी ठरवलं आणि 23 डिसेंबर 1948 ला त्यांना फाशी झाली. त्याच पीठावर कलकत्त्याचे राधाबिनोद पाल होते. त्यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवणारा वेगळा निकाल लिहिला. जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचा न्याय करायचा आणि स्वतःकडे बघायचं नाही, हे त्यांना मान्य नव्हतं. पालांचा प्रश्न मला पटतो, उत्तर पटत नाही. जेत्यांचा गुन्हा तपासला गेला नाही म्हणून नानकिंगच्या बायकांचा गुन्हेगार सुटावा, हे मला चिमूरची मुलगी म्हणून कबूल करता येणार नाही. हिरोटांना लावलेला दंडक चुकीचा नव्हता. तो दंडक चांद्याचे डेप्युटी कमिशनर, नागपूरचे गव्हर्नर सर हेन्री ट्वायनम, दिल्लीचे लिनलिथगो आणि लंडनचे चर्चिल यांच्यापुढे कुणी ठेवला नाही, ही चूक होती. चिमूरची बातमी यांतल्या बहुतेकांपर्यंत नक्की गेली होती. त्रेसष्ट दिवस एक माणूस उपाशी राहून तीच तर पोचवत होता.

याच्याही आधीची एक गोष्ट आमच्याकडे आहे, अहेरीकडची. बाबूराव शेडमाके, मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. 1858 मध्ये त्यांनी इंग्रजांशी लढा मांडला. 29 एप्रिलला प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन यानं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणून बाबूरावांना पकडवलं आणि 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या जेलात पिंपळाखाली त्यांना फाशी दिली. पंचवीस वर्षांचे होते.

कागदावर एवढंच. सिरोंचा-अहेरीकडचे म्हातारे मात्र वेगळं सांगतात. ताडोबाच्या देवानं बाबूरावांना वेळूचा कोंब खायला दिला होता, त्यामुळं त्यांच्या अंगाला दोर लागत नव्हता. दोर तुटला, पुन्हा बांधला, पुन्हा तुटला. शेवटी इंग्रजांनी त्यांना चुन्याच्या भट्टीत टाकलं तेव्हा कुठे जीव गेला. लहानपणी ही चमत्काराची गोष्ट म्हणून मी ऐकली. आता ऐकते तेव्हा तिच्यात मला एक निवाडा ऐकू येतो. ज्या कोर्टात आपल्या बाजूचं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं, त्या कोर्टाची शिक्षा लोकांनी गोष्टीत मंजूर केली नाही. बाबूरावांच्या माणसांनी दोन माणसं मारली, त्याचा खटला झाला. त्या वर्षी फौजेनं गोंडांची जी गावं तुडवली त्याचा झाला नाही. चौऱ्याऐंशी वर्षांनी चिमूरला तेच झालं.

मग देश स्वतंत्र झाला. इथून पुढचं लिहायला मला जास्त जड जातं, कारण आता दोष द्यायला परका राजा नाही. 1942 च्या त्या वटहुकुमाच्या साच्यावरच 1958 मध्ये आपल्या संसदेनं ईशान्येसाठी सशस्त्र दलांचा विशेष अधिकार कायदा केला. केंद्राच्या मंजुरीवाचून फिर्याद नाही, ही अट त्यात सहाव्या कलमात तशीच आली. जिनिव्हा करारांवर आपण 1950 मध्ये शिक्कामोर्तब केलं आणि 1960 मध्ये त्यांचा कायदाही केला. युद्धातल्या गंभीर गुन्ह्याला त्यात फाशी-जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. पण सतराव्या कलमात म्हटलं आहे, की सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केली तरच कोर्ट दखल घेईल. म्हणजे एखाद्या दादीबाईनं स्वतः कोर्टाची पायरी चढली तरी या कायद्याखाली तिचं ऐकून घ्यायचा अधिकार कोर्टाला नाही. 17 जुलै 1998 ला रोममध्ये कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं करण्याचा करार झाला, राष्ट्रप्रमुखाचं पद त्यातही कवच ठरत नाही. भारत त्या मतदानात तटस्थ राहिला आणि आजवर त्यात सामील झालेला नाही.

मोठी राष्ट्रं आपल्या माणसांना वाचवतील आणि दुबळ्यांवरच खटले होतील, ही भारताची शंका अगदी बिनबुडाची नाही. अमेरिका, रशिया, चीन तिघेही त्या न्यायालयाबाहेर आहेत. मार्च 2023 मध्ये पुतिन यांच्यावर, नोव्हेंबर 2024 मध्ये नेतान्याहू यांच्यावर वॉरंट निघाली. पकडून कोण आणणार, हा प्रश्न उरतोच. पण त्याआधी चाड देशाचे माजी हुकूमशहा इसेन हाब्रे यांचा खटलाही घडला. पंचवीस वर्षं चाडच्या विधवा आणि तुरुंगातून सुटलेली माणसं कागद गोळा करत राहिली, या देशाच्या कोर्टातून त्या देशाच्या कोर्टात जात राहिली. 30 मे 2016 ला सेनेगलची राजधानी डाकार इथे आफ्रिकेच्याच न्यायाधीशांनी त्यांना जन्मठेप दिली. कोर्टात उभं राहून बायकांनी सांगितलं. सांगायला जागा मिळाली म्हणून सांगितलं.

आणि आपल्याकडेही सगळं जागच्या जागी राहिलेलं नाही. दिल्लीच्या 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीनं जानेवारी 2013 मध्ये अहवाल दिला. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 197 व्या कलमात स्पष्टीकरण आलं, की बलात्कारासारख्या गुन्ह्यात सरकारी नोकरावर खटला भरायला सरकारच्या मंजुरीची गरज नाही. हे वाचलं त्या दिवशी मला चिमूर आठवलं. वर्मा समितीनं आणखी एक गोष्ट सुचवली होती: सशस्त्र दलांच्या विशेष अधिकार कायद्यातही बायकांवरच्या अत्याचारापुरती मंजुरीची अट काढून टाका. ती सूचना सरकारनं घेतली नाही.

गडचिरोलीविषयी न लिहिता हा लेख संपवणं मला बरं वाटत नाही. 1980 पासून त्या जंगलात बंदूक आहे. माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून रात्री घरातून ओढून नेलेले आदिवासी, सुरुंगात उडालेले पोलीस, चकमकीत पडलेली पोरंपोरी. 8 ऑक्टोबर 2009 ला लाहेरीजवळ सतरा पोलीस गेले, 1 मे 2019 ला जांभूळखेड्याला पंधरा पोलीस आणि त्यांचा ड्रायव्हर, आणि 22 एप्रिल 2018 च्या चकमकीनंतर कसनसूरच्या बाजूला इंद्रावतीच्या पात्रातून दिवसामागून दिवस प्रेतं निघत राहिली. सरकार याला युद्ध म्हणत नाही, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणते, म्हणून युद्धाचे नियम इथे लागू करायची चर्चाच होत नाही. मेलेल्याच्या आईला त्या फरकाचं काय? माओवाद्यांनी 'जनअदालत' म्हणून ज्या शिक्षा दिल्या, त्यांत आरोपीच्या बाजूनं बोलायला कुणी उभं नव्हतं. त्यांचे पुढारीही या जाबातून सुटता कामा नयेत. आणि पोलिसांच्या गोळीनं माणूस गेला तर काय करायचं हे सर्वोच्च न्यायालयानं 23 सप्टेंबर 2014 ला महाराष्ट्राच्याच प्रकरणात सोळा मुद्द्यांत घालून दिलं आहे: गुन्हा नोंदवा, स्वतंत्र तपास करा, दंडाधिकाऱ्याची चौकशी लावा, घरच्यांना कळवा. प्रत्येक वेळी, मेलेला कुणीही असो.

दर 16 ऑगस्टला चिमूरला शहीद स्मारकावर पुढारी येतात, हार घालतात, भाषणं होतात. बालाजी रायपूरकरचं नाव घेतलं जातं आणि ते घेतलंच पाहिजे. बायांचा विषय आला तर 'अनन्वित अत्याचार' या दोन शब्दांत आटोपतो. त्यांची नावं कुणी जाहीर घ्यावीत असं मी कधी म्हणणार नाही. ती त्यांनी झाकून ठेवली, तो त्यांचा हक्क होता. पण त्यांनी मागितलेली गोष्ट झाकलेली नव्हती. राज्य सरकारनं नागपूरच्या आणि दिल्लीच्या दप्तरखान्यातले चिमूरविषयीचे सगळे कागद एकत्र करावेत, चौकशी नाकारण्याचा निर्णय कुणाकुणाच्या सहीनं झाला ते छापावं आणि चौकशी व्हायला हवी होती असं सरकारी कागदावर लिहून द्यावं. आरोपी कुणी जिवंत नाही, याची मला जाणीव आहे. आणि येत्या 16 ऑगस्टच्या सभेत कुणा आमदार-खासदारानं 15 ऑगस्ट 1942 च्या वटहुकुमातलं मंजुरीचं कलम आणि 1958 च्या कायद्याचं सहावं कलम एकापाठोपाठ एक वाचून दाखवावं. वाचून झाल्यावर, सहाव्या कलमातून वर्मा समितीनं सांगितलं तेवढं तरी काढण्यासाठी दिल्लीत आपण काय करणार आहोत, ते चिमूरच्या बायांना तिथेच सांगावं.